पॅनलची काच फुटली, साधी काच बसवून घेतली तर चालेल का?

सहकारनगरकर
गेल्या आठवड्यात वळवाच्या आधी जे वारं सुटलं, त्यात शेजारच्या गच्चीवरचा पत्रा उडून आमच्या सोलरवर आला. आठ पॅनलपैकी एकाचीच काच गेली, पण अशी की सगळ्या पॅनलवर साबुदाणा सांडल्यासारखं दिसतंय. पत्र्याचं टोक लागलं तिथले दोन-चार दाणे सोडले तर बाकी सगळं जागच्या जागी. ज्यानं बसवलं तो म्हणतो, अख्खं पॅनल बदला, वॉरंटीत बसत नाही. पद्मावतीचा काचवाला म्हणतो, "काका, पाच एमएमची टफन टाकून देतो, परत बघायला नको." वीज अजून येतेय, म्हणजे आतला माल शाबूत आहे. मग वरचं झाकण तेवढं बदलायला काय हरकत? सौ.च्या मते मी उगाच चिक्कूपणा करतोय.

गच्चीवाली
काका, आधी त्याला ओल्या हातानं शिवू नका. आठ पॅनल सीरिजमध्ये म्हणजे ३०० व्होल्टच्या आसपास डीसी. तडे गेलेल्या काचेतून पाणी मुरलं की करंट फ्रेमवर उतरू शकतो. पाऊस तोंडावर आहे, तेवढं पॅनल सोडवून घ्या, आणि तेही इलेक्ट्रिशियनकडून.

भोसरीचा भट्टीवाला
मी २२ वर्षं भोसरीत काच टफन करण्याच्या भट्टीवर काढली, म्हणून जरा लांबण लावतो.

काका, ते झाकण नाही हो. काच, त्याखाली ईव्हीएचा म्हणजे चिकटून बसणाऱ्या पारदर्शक प्लॅस्टिकचा थर, मग सेल, परत ईव्हीए आणि मागची शीट. हे सगळं व्हॅक्यूममध्ये १५० अंशांच्या आसपास दाबून एकजीव करतात. तुमचे दाणे खाली पडले नाहीत ते त्या ईव्हीएमुळे. सेलची जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही पुष्कळ कमी. ओल्या फडक्याला चिकटलेला पापड अख्खा सोडवून दाखवा, मग काच काढायचं बोलू.

समजा निघाली, तरी काचवाल्याची ती पाच एमएमची नकोच, टफन केली तरी काच खिडकीचीच. सोलरच्या काचेत आणि तिच्यात घटक तेच, ७० टक्क्यांच्या वर सिलिका म्हणजे वाळू, बाकी सोडा, चुनखडी, डोलोमाइट. गोम आहे ती वाळूतल्या लोहात. खिडकीच्या काचेत ते साधारण ०.१ टक्का असतं, सोलरच्या काचेत त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. भट्टीत गेल्यावर लोह काढता येत नाही, त्यामुळे वाळूच निवडून आणावी लागते. हे लोह डोळ्याला न दिसणारा अवरक्त उजेड खातं, आणि सिलिकॉनचा सेल नेमका त्या उजेडावरही वीज करतो. आपल्याला काच स्वच्छ वाटते, सेलला गॉगल घातल्यासारखं होतं. सोलरची ३.२ मिमी काच ९१-९२ टक्के उजेड सोडते, वर उजेड परत फिरू न देणारा सिलिकाचा विरळ लेप असला तर आणखी दोनेक टक्के.

मी स्वतः हा शहाणपणा करून बसलोय. पोरांच्या क्रिकेटपासून वाचवायला मेव्हण्याच्या पॅनलवर चार एमएमची खिडकीची काच आडवी टाकली. भर दुपारी क्लॅम्प मीटर लावला तर ९ अँपिअरचे साडेसात झालेले. काच आणि मेव्हणा दोघंही खाली उतरले.

साबुदाणा का, तर टफन करताना काच ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतानं झटकन गार करतात. वरचा थर दाबाखाली राहतो, पोटात ताण. गारेचा मार ती खाते, चाचणीत २५ मिमीचा बर्फाचा गोळा सेकंदाला २३ मीटर वेगानं मारतात. पण पत्र्याचं टोक वेगळं. वरचा थर भेदून ते पोटापर्यंत गेलं की सगळा ताण एका दमात सुटतो.

नवीन पॅनल घ्याल ते जुन्यांपेक्षा कमी अँपिअरचं घेऊ नका, सीरिजमध्ये बाकी सातांना मागे ओढेल. हल्ली दोन्हीकडून २-२ मिमी काच असलेली मिळतात. चौरस मीटरला काचेचंच वजन ८ किलोचं १० होतं, स्ट्रक्चर बघून घ्या.

सहकारनगरकर
भट्टीवाले, पटलं. गच्चीतले ते दाणे उचलून पांढऱ्या कागदावर ठेवले आणि शेजारी टीपॉयची काच उभी धरली. टीपॉयची कड सोड्याच्या बाटलीसारखी हिरवी, दाणे मात्र खडीसाखरेसारखे. सौ.ला बोलावून दाखवलं, तर म्हणाली, "आता तरी घ्या नवं."

पॅनल सोडवून घेतलंय. शेजारी निम्मे पैसे देणार आहेत. अडलंय ते जुन्या पॅनलपाशी. भंगारवाला म्हणतो, ॲल्युमिनियमची फ्रेम काढून नेतो, काच तुमच्याकडेच ठेवा.

गच्चीवाली
फ्रेम काढू देऊ नका त्याला, जिन्यातून उतरेपर्यंत चाळभर साबुदाणा होईल. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनल धरलेत. नवं देणाऱ्यालाच जुनं न्यायला लावा, पैसे हातात द्यायच्या आधी.