१५ ऑगस्टला शाळेत कार्यक्रम ठेवावा की नुसतं झेंडावंदन करून सुट्टी द्यावी?

पालक, चिमूर तालुका
आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत, शिक्षक दोन. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. परवाच्या बैठकीत एक जण म्हणाले, झेंडा फडकवा, खाऊ वाटा अन् लेकरं घरी पाठवा. त्यांचा राग मला समजतो. मागच्या वर्षी पाहुण्यांसाठी लेकरं तासभर उन्हात उभी होती. दुसरीतली एक पोरगी उपाशीपोटी आलेली, चक्कर येऊन पडली. मीच तिला उचलून व्हरांड्यात नेलं. मुठीतला कागदी झेंडा घामानं पार ओला झाला होता.

तरी कार्यक्रम बंद करायला मन घेत नाही. माझी लेक आठ दिवस भाषण पाठ करत होती, "अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो..." मधेच थांबून म्हणते, "मा, याच्यात आपल्या चिमूरचं नाव काऊन नाही?" तुमच्याकडं कसं करता?

निवृत्त शिक्षक, ब्रह्मपुरी
बंद करू नका ताई. लेकीनं बरोबर विचारलं. १६ ऑगस्ट १९४२, 'चले जाव' चळवळीतला नागपंचमीचा दिवस. चिमुरात गोळीबार झाला, शाळकरी वयाचा बालाजी रायपूरकर गेला. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीतही लोकांनी गोळ्या झेलल्या. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी हा मुलूख पेटला होता. महाराजांनाही नागपूर-रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. तुमच्या शाळेत हे सांगायचं नाही तर कुठं सांगायचं?

शेतकरी, नागभीड
आमच्याकडं झेंडावंदन साडेसातलाच होते. बाया धानाच्या बांधीत जायच्या आधी येऊन लेकराचं भाषण ऐकतात. पाहुण्यासाठी थांबायचं नाही, असा समितीचा ठरावच लिहून घ्या जी.

शिक्षिका, वरोरा
कार्यक्रम हवाच, पण सक्ती नको. केरळात तीन मुलांना राष्ट्रगीत गायलं नाही म्हणून शाळेतून काढलं होतं. ती आदरानं उभी राहत होती. १९८६मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांना परत घ्यायला लावलं. मुखदुर्बळ लेकराला भाषणासाठी ढकलतो, तेव्हाही मला हे आठवतं.

पालक, चिमूर तालुका
गुरुजी, दादा, मॅडम, बैठकीत हेच मांडते. आधी लेकरांना पोहे, मग साडेसातला झेंडा. आमच्या गावात नव्वदीच्या एक आजी आहेत. बेचाळीसला इंग्रजांची पलटण आली तेव्हा घरच्यांनी त्यांना शेतात कसं लपवलं, ते सांगतात. काल विचारायला गेले, तर "येतो वं बाई" म्हणाल्या. त्यांना जमिनीवर बसता येत नाही; खुर्ची मी घरून नेते.