अनुभव धागा : मुठीचा डबा आणि रोजच्या जगण्यातला ख्रिस्ती विश्वास

नगरची लेक
गेल्या आठवड्यात अहिल्यानगरचे घर आवरताना माळ्यावर आईचा पत्र्याचा डबा सापडला. दळण गिरणीत पाठवण्याआधी आई त्यात मूठभर बाजरी टाकत असे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मंडळीतील (आमच्या चर्चच्या सभासदांतील) बायका आपापले डबे उपासनेला आणत आणि जमलेले धान्य, ज्या घरी कमावणारे कोणी नसे, तिथे संध्याकाळी गुपचूप पोहोचत असे. १९७२ च्या दुष्काळात आमच्याच घरी रेशनवरच्या लाल मिलोच्या (परदेशी ज्वारीच्या) भाकरी होत होत्या, तेव्हा मी चिडून तिला विचारले होते की आता तरी हा डबा बंद का करत नाहीस. "मूठ लहान कर, पण घाल," एवढेच बोलून तिने डबा माझ्यापुढे सरकवला. उपाशी माणसाला नुसत्या शुभेच्छा देऊन वाटेला लावणाऱ्यांची कानउघाडणी बायबलमधील याकोबाच्या पत्रातील दुसऱ्या अध्यायात आहे. चर्चच्या शब्बाथ शाळेत तो अध्याय मी पाठ केला होता, पण समजला तो या डब्यामुळे.

आता माझ्या घरी पीठ पिशवीतून येते आणि दान फोनवरून जाते. तुमच्याकडे विश्वास हातांपर्यंत कसा पोहोचतो, ते वाचायला आवडेल. प्रवचन नको, फसलेले प्रयत्न मात्र अवश्य लिहावेत.

पानवेलवाला, वसई
आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) गरजूंना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे काम मी अकरा वर्षे करतो आहे. हे काम १८३३ साली पॅरिसमध्ये ओझानाम आणि त्याच्या मित्रांनी सुरू केले. आम्ही आजही दोघे मिळूनच घरभेटीला जातो आणि त्या घरात जे दिसते ते बाहेर बोलत नाही.

फसलेला प्रयत्न विचारलात म्हणून लिहितो. एका एकट्या राहणाऱ्या मावशींना आम्ही दर महिन्याला तांदूळ, तेल आणि साखर नेऊन देत होतो. सात-आठ महिन्यांनी त्यांनी संकोचत सांगितले की तांदूळ त्यांच्याकडे पुरेसा आहे, पण नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला कोणी सोबत न आल्यामुळे त्यांची पेन्शन थांबली आहे. इतक्या महिन्यांत आम्ही त्यांना एकदाही काही विचारले नव्हते. दाखल्याचे काम एका सकाळीत झाले. त्या दिवशी त्यांनी सुकेळ्यांचा पुडा पुढे केला, तेव्हा माझ्या जोडीदाराने "आम्ही काही घेत नाही" असे म्हटले आणि मावशींचा चेहरा उतरला. मी पुडा घेतला आणि तिथेच दोन सुकेळी खाल्ली. त्यानंतर त्या आमच्याशी मोकळेपणाने बोलू लागल्या.

चिमटी
पोळ्या लाटता लाटता वाचते आहे. महिनाभर डब्यात राहिलेल्या बाजरीला कीड लागत नसे का?

नगरची लेक
आई कडुनिंबाचा वाळलेला पाला घालत असे. तरीही एखाद्या महिन्यात कीड लागायचीच. मग ते धान्य चाळून, निवडून आमच्या घरी शिजायचे आणि घरातले चांगले धान्य डब्यात जायचे. हे आता लिहिताना आठवले.

मिरजेत शिकलेली
१८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिरजेत सुरू केलेल्या रुग्णालयामुळे आमच्या भागातील अनेक ख्रिस्ती घरांत परिचारिका होणे ही जणू रीतच पडली. मीही त्याच वाटेने गेले. पुढे कुष्ठरुग्णांच्या जखमांच्या विभागात काम करताना दिवसाचा बराच वेळ पायांमध्ये जात असे. संवेदना गेलेले पाय साध्या पाण्यात वीस मिनिटे बुडवायचे, घट्टे हलक्या हाताने घासायचे, तेल लावायचे आणि चपलेत खडा किंवा खिळा नाही ना, हे स्वतःचा हात घालून पाहायचे. प्रार्थना मी करत असे, पण प्रार्थनेने खिळा निघत नाही.

पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, चर्चमध्ये पाय धुण्याच्या विधीसाठी ज्यांना बसवतात, ते घरून साबणाने पाय घासून येतात, हे पाहून मला दरवर्षी हसू येते. माझीही एक कबुली लिहून ठेवते. पहिले सहा महिने मी घरी गेल्यावर कपडे वेगळ्या बादलीत धुवत होते. त्याची गरज नाही, हे शिकवणाऱ्या वर्गात मी पहिली आले होते.

दोन वह्या
मी एका दुकानात हिशेब लिहीत होतो. खरी वही आणि दाखवायची वही, अशा दोन वह्या होत्या. रविवारी मी वेदीजवळ उभे राहून शास्त्रवाचन करायचो आणि सोमवारी दुसरी वही उघडायचो, आणि हे दोन वर्षे चालले. शेवटी नकार दिला तो धैर्याने नव्हे, तर मुलीने गृहपाठासाठी "बाबा, हिशेब कसा ठेवतात?" असे विचारले आणि मला तिच्यापुढे ती वही उघडता आली नाही म्हणून. नोकरी गेली. चार महिने पत्नीच्या शिवणकामावर घर चालले, आणि या गोष्टीची साक्ष मंडळीत द्यायला तिने मला सक्त मनाई केली आहे.

चिमटी
वहिनींना नमस्कार सांगावा. खरी साक्ष त्यांचीच आहे.

केडगावची सून
मी ख्रिस्ती नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या आणि पुढे केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायकांच्या हाती छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवण्याचे काम दिले, हे आमच्या सासरी आदराने सांगितले जाते. त्याच घरात, मदतीच्या मागे धर्म बदलण्याची अपेक्षा असते, असेही बोलले जाते. इथे विचारले तर राग मानू नये.

पानवेलवाला, वसई
ताई, राग कसला? आमच्या वहीत माणसे, आजार आणि शाळेत जाणारी मुले असे रकाने आहेत, धर्माचा नाही. सगळीकडे असेच असते, असे मात्र मी छातीठोकपणे म्हणणार नाही. कृतज्ञतेची अपेक्षा तर माझ्या मनातूनही जात नाही. कोणी साधे "या, बसा" म्हटले नाही, तर परत येताना मी सायकल जोरात मारतो.

ऐझॉलहून
नोकरीनिमित्त मिझोराममध्ये आहे. इथल्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या ख्रिस्ती घरांत स्वयंपाकाच्या प्रत्येक वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात. त्याला 'बुहफाई थाम' म्हणतात आणि ही प्रथा १९१० पासूनची आहे. घरमालकीण तांदळाला हात लावते तेव्हा मला माझी नगरची आजी दिसते.

नगरची लेक
काल डबा घेऊन उपासनेला गेले. महिला मंडळातील सर्वांत तरुण सभासदाने विचारले की एक मूठ म्हणजे नक्की किती, म्हणून आम्ही स्वयंपाकघरातील काट्यावर मोजले. माझी मूठ साठ ग्रॅम भरली. आईचा हात माझ्याहून मोठा होता.