मेल्यावर पश्चात्तापाचं दार बंद होतं, हे नक्की कुठं लिहिलंय?

पायरीवरचा:
मागच्या आठवड्यात एका अंत्यविधीला गेलो होतो, गेलेले काका आयुष्यभर पक्के नास्तिक पण काकू कधी चर्च न चुकवणाऱ्या, आणि पास्टर सगळ्यांदेखत बोलून गेले की ज्यानं जिवंतपणी प्रभूला नाकारलं त्याचा निकाल लागला. काकू पहिल्याच रांगेत. न्याय आहे, शिक्षा आहे, मान्य. माझं भांडण फक्त डेडलाइनशी आहे. बायबलमधलं इब्री ९:२७ सगळे तोंडपाठ फेकतात, माणसाला एकदाच मरण आणि मग न्याय. बरं, पण न्यायाच्या वेळी समोर ख्रिस्त दिसल्यावर माणसानं गुडघे टेकले तर काय, याबद्दल त्या ओळीत एक अक्षर नाही. येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या चोरानं त्याला हाक मारली आणि शेवटच्या घटकेला सुखलोक मिळाला. तो दोन तास आधी मेला असता तर? देवाची दया काय नाडी बघून चालते?

दीपस्तंभ:
पास्टरनी ते तिथं बोलायला नको होतं हे एक, आणि ते खोटं आहे हे दुसरं, दोन्ही मिसळू नका. लूक १६ काढा. मेल्यावर श्रीमंत माणूस यातनेत, त्याच्या दारातला भिकारी लाजर अब्राहामाजवळ, मधे मोठी दरी, इकडून तिकडं नाही आणि तिकडून इकडंही नाही. भावांना सावध करा म्हणतो तर अब्राहाम सांगतो त्यांच्याजवळ मोशे आणि संदेष्टे आहेत, त्यांचं ऐकावं. म्हणजे ऐकायची वेळ आत्ता. आणि मत्तय २५:४६ मधे एकाच वाक्यात सार्वकालिक शिक्षा आणि सार्वकालिक जीवन, मूळ ग्रीकमधे शब्दही एकच. शिक्षेतलं सार्वकालिक पातळ केलं तर जीवनातलंही पातळ होणार. जुन्या काळचा मोठा ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन, त्यानं हे कधीच सांगून ठेवलंय.

उलटतपासणी:
दरी मान्य, शब्द एकच हेही मान्य, तरी कायमच्या यातना त्यातून निघत नाहीत, शेवटी कायमचा नाश होतो एवढंच निघतं. फाशी द्यायला काही मिनिटं लागतात पण शिक्षा कायमची असते ना? देवानं आगीनं नष्ट केलेलं सदोम शहर, यहूदा ७ मधे त्याला सार्वकालिक अग्नीची शिक्षा म्हटलंय, सदोम काय अजून जळतंय? न मरणारा किडा, न विझणारी आग, हे यशया ६६:२४ मधून आलंय आणि तिथं ती प्रेतं आहेत, जिवंत माणसं नाहीत. पापाचं वेतन मरण, असं पौल म्हणतो. आत्मा मुळातच अमर हा ग्रीक विचार, आपण तो बायबलवर चढवलाय. जॉन स्टॉटसारख्या इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलच अंतिम मानणाऱ्या गोटातल्या माणसानं १९८८ मधे हे नाशाचं मत उघड मांडलं तेव्हा त्याच्याच गोटात केवढी आदळआपट झाली.

दीपस्तंभ:
मग प्रकटीकरण २०:१० चं काय करणार? रात्रंदिवस, युगानुयुग पीडा, स्पष्ट लिहिलंय.

उलटतपासणी:
सैतान, श्वापद आणि खोटा संदेष्टा, माणसं नाहीत ती. आणि चारच ओळी पुढं खुद्द मरण आणि अधोलोक अग्निसरोवरात टाकलेत, आता मरणाला कसली पीडा होणार? त्याला तिथंच दुसरं मरण म्हटलंय. १४:११ मधे माणसांच्याच पीडेचा धूर युगानुयुग वर जातो, ते मात्र मलाही जड जातं, खोटं कशाला बोलू.

मोहरीचा दाणा:
तुम्ही दोघं शिक्षेचा आकार मोजताय, ताईंचा की दादांचा जो काय मूळ प्रश्न होता तो डेडलाइनचा. १ पेत्र ३:१९, ख्रिस्तानं तुरुंगातल्या आत्म्यांना जाऊन घोषणा केली, आणि ते कोण तर नोहाच्या काळी न मानणारे. पुढं ४:६ मधे तर मेलेल्यांनाही सुवार्ता सांगितली असं आहे. हो, याचे दहा अर्थ लावतात, ऑगस्टीन म्हणतो ख्रिस्त नोहाच्या तोंडून तेव्हाच बोलला, कोणी म्हणतं ते पतित देवदूत. पण साध्या डोळ्यांनी वाचलं तर दार किलकिलं दिसतंच. मत्तयातला शिक्षेचा शब्द कोलासिस, ॲरिस्टॉटल त्याचा अर्थ भोगणाऱ्याच्या सुधारणेसाठीची शिक्षा असा करतो, सूडासाठी वेगळा शब्द आहे. (नव्या कराराच्या काळापर्यंत हा फरक पुसट झाला होता असं समोरची बाजू म्हणते, त्यात दम आहे, म्हणून मी एवढ्यावरच घर बांधत नाही.) आणि शेवटी सगळेच देवाकडे परततील ही आशा काही आजचं फॅड नाही. ती मांडणारा ख्रिस्ती विचारवंत ओरिगेन तिसऱ्या शतकातला, त्याच्या नावाचा निषेध ५५३ च्या चर्चच्या सभेशी जोडतात, म्हणजे तो मेल्यावर तीनशे वर्षांनी, आणि तशीच आशा बाळगणारा बिशप, निस्साचा ग्रेगरी, आजही संत. ऑगस्टीनला पटत नव्हतं पण असं मानणारे पुष्कळ आहेत हे त्यानंच लिहून ठेवलंय.

कोपऱ्यातली खुर्ची:
म्हणजे हिटलर पण आत? मग प्रचार, प्रार्थना, बाप्तिस्मा सगळं गुंडाळून ठेवू.

मोहरीचा दाणा:
हिटलर हसत आत जाईल असं कोण म्हणालं, आपण काय केलं ते पूर्ण बघावं लागणं हीच केवढी आग आहे. आणि तुम्ही प्रभूकडे फक्त नरकाच्या भीतीनं आलात का हो?

कोपऱ्यातली खुर्ची:
थोडा तरी भीतीनंच आलो. लाज कसली त्यात.

शांतवन:
मधेच बोलते. आम्हा कॅथलिकांचं शुद्धिस्थान म्हणजे दुसरा चान्स असं खूप जणांना वाटतं, तसं नाहीये. ते कृपेत मेलेल्यांसाठी, ज्यांचं तारण पक्कं आहे पण शुद्धी बाकी आहे. शेवटपर्यंत पश्चात्ताप न केलेल्यासाठी नाही. पण शेवटच्या क्षणी आत काय झालं हे बाहेरच्याला कळत नाही, म्हणून अमुक माणूस नरकात गेला असं चर्च कोणाचंही नाव घेऊन जाहीर करत नाही. संत जाहीर करते.

पायरीवरचा:
(दादा आहे मी.) लूक १६ परत वाचलं. तो श्रीमंत माणूस पाणी मागतो, लाजराला पाठवा म्हणतो, भावांची काळजी करतो, पण चुकलो असं एकदाही म्हणत नाही. तिथंही लाजर त्याचा नोकरच. मग दरी मेल्यामुळं आहे की माणूस बदलत नाही म्हणून?

दीपस्तंभ:
चांगलं पकडलंत. पण माझं उत्तर तेच, तिथं तो बदलत नाही कारण इथं बदलला नाही. शांतवनताईंचं मात्र पटलं, नाव घेऊन निकाल देणं आपलं काम नाही. मी पास्टर असतो तर त्या दिवशी लूक १६ काढलंच नसतं, पुढच्या रविवारी काढलं असतं.

पायरीवरचा:
काकू या रविवारी आल्याच नाहीत.