दोन फुटी टँकमध्ये मासे किती ठेवावे?

मानेवाडावाला: भाऊ लोक, पोरीसाठी २ बाय १ बाय १ फुटाचा टँक घेतला. दुकानवाला म्हणून राहिला की ४ गोल्डफिश, ६ गप्पी अन् १ शार्क आरामात राहते. खरंच राहते का बे? फिल्टर आहे.

धरमपेठकर: त्याला काय, मासे विकायचे आहेत! टँक काठोकाठ साधारण ५६ लिटर, रेती-दगड अन् वरची रिकामी जागा सोडली तर पाणी ४५ च्या आसपास. गोल्डफिश आज दोन इंची दिसते पण साधी जात फूटभर होऊ शकते अन् घाणही लय करते, एकीलाही हे कमीच. शार्क म्हणजे पंगास (दुकानात शार्क म्हणून विकतात तो मासा) असंन तर ते मीटरभराच्या वर जाते, कुठं ठेवान?

त्रिमूर्तीनगर_टँक: माशाच्या दर इंच लांबीला एक गॅलन (पावणेचार लिटर) पाणी हा हिशोब लहान, सडपातळ माशांपुरताच. ८ नर गप्पी घ्या, माद्या घेतल्या तर पिल्लं मोजत बसान. अन् सगळे एकदम टाकू नका, माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये जमायला ४-६ आठवडे लागतात, तोवर पाण्यातला अमोनिया तपासायला टेस्ट किट वापरा.

कूलरवाला: जानेवारी पाहून नाही, मे पाहून ठरवा राजेहो. आपल्या नागपुरात पारा ४५ ला टेकते, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळते, त्यात लाइट गेली की मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. बॅटरीवाला एअर पंप घेऊन ठेवा.

मानेवाडावाला: मग ८ नर गप्पी फायनल. पोरगी शार्कसाठी रडून राहिली, तिला कोण समजावते आता 😅