मदत हवी आहे: चर्चमधल्या जुन्या पायाच्या ऑर्गनचे रीड घासून आजच्या ४४० च्या सुराला चढवावेत का?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरची. शाहूपुरी भागातल्या आमच्या चर्चमध्ये गेली बावीस वर्षं रविवारच्या उपासनेला ऑर्गन वाजवते. माझ्याआधी पप्पा वाजवायचे. नळ्यांचा मोठा ऑर्गन नव्हे, पायानं भाता मारायचा. पूर्वी संगीत नाटकांत साथीला असायचा तसला. ६१ पट्ट्या, रीडचे (हवेनं थरथरून सूर देणाऱ्या पितळी जिभांचे) दोन संच, म्हणजे एकूण १२२ रीड. ज्यांनी फक्त पेटी पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगते: पेटीत भाता हवा रीडमधून बाहेर ढकलतो, ह्यात तो हवा आत ओढून घेतो. त्यामुळं आवाज गोल, मऊ येतो आणि त्यामुळंच खोलीतली धूळही रीडमध्ये जाऊन बसते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात चर्चमध्ये गुडघाभर पाणी होतं. ऑर्गनचे पायटे (पायानं दाबायच्या फळ्या) आणि भात्याचा खालचा भाग भिजला, रीड वर असल्यानं वाचले. नंतर एका कारागिरानं भात्याला रेक्झिन लावून दिलं. ते आता घड्यांवर चिरलंय. लांब सूर धरला की चौथ्या मात्रेला आवाज बसतो. प्रभुभोजनाच्या वेळी मी अगदी हळू वाजवते, तेव्हा माझ्या पायांचा खडखडाट सुरांपेक्षा मोठा ऐकू येतो. मंडळी डोळे मिटून बसलेली असतात, मला फार वाईट वाटतं.

भात्याचं काम करायचंच आहे, त्यात वाद नाही. अडलंय ते सुरावर.

हा ऑर्गन आजच्या स्वरमानापेक्षा खाली आहे. मोबाइलवरच्या ट्यूनरवर मधल्या सप्तकातली पांढरी सहा (इंग्रजी A) ४३५, म्हणजे सेकंदाला ४३५ कंपनं, दाखवते. बिघाड वाटला म्हणून आधी घाबरले होते, पण सगळ्या पट्ट्या सारख्याच खाली आहेत. १८८५ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत ४३५ हेच मान ठरलं होतं, आजचं ४४० पुढं १९३९ मध्ये आलं. म्हणजे हा उतरलेला नाही, त्याच्या काळाच्या सुरात आहे.

आता आमच्या तरुण मुलांनी कीबोर्ड आणलाय, तो ४४० चा. दोन्ही एकत्र वाजवले की पांढरी सहावर आवाजात सेकंदाला पाच हेलकावे (लहान-मोठं होणं) येतात, कान किटतात. नवीन कारागीर म्हणतो, "ताई, सगळे रीड घासून ४४० ला आणून देतो, एकदाच काम होईल." कमिटीतल्या काही वडीलधाऱ्यांनाही ते पटलंय.

माझं मन तयार होत नाही. चार आवाजांत गाणारा आमचा क्वायर ह्याच सुरावर वाढलाय. टेनरला, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजाला, दोघंच आहेत, त्यांचा सूर हलला की ते डोक्यानं मला खूण करतात आणि मी त्यांची ओळ थोडी वर काढून देते. शंभराव्या स्तोत्राची जुनी चाल, १५५१ च्या जिनीव्हाच्या स्तोत्रसंग्रहातली, ह्या ऑर्गनवर सुरू केली की मागच्या बाकावरच्या आज्याही आपापला सूर धरतात. ना. वा. टिळकांची भजनं मात्र वेगळी वाजवावी लागतात. तिथं चार स्वरांचे गठ्ठे दाबले की भजनाचा जीव जातो. मी डाव्या हातात नुसता षड्ज-पंचम धरते, बाकी तबला आणि झांज. पप्पांनी हेच शिकवलं: चाल कुठून आली ते ओळखून हात ठेवायचा.

तर जाणकारांनी सांगावं. १२२ रीड घासून चढवले तर आवाजाचा गोडवा राहतो का? आणि भात्याला रेक्झिनऐवजी नेमकं काय लावून घ्यावं?

प्रतिसाद

ताई, मी मिरजेचा, पेट्यांची कामं करतो. रीड अजिबात घासू देऊ नका. टोकाशी घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो, पण दोन्हीकडं पितळ जातं ते जातंच. एखाद-दुसरा रीड सुरात आणायला घासणं वेगळं, अख्खा संच चढवणं वेगळं. ४३५ आणि ४४० मध्ये अर्ध्या स्वराचा जेमतेम पाचवा हिस्सा, म्हणजे वीस सेंटचं अंतर आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'ट्यून' बघा, तिथं ४३५ लावता येईल. तबला तर हातोडीनं कुठंही मिळवता येतो. जो हलू शकतो त्यानं हलावं.

मुके रीड असतील तर आधी आकड्यानं अलगद ओढून काढा आणि मऊ ब्रशनं झाडा, बऱ्याचदा नुसता कचरा असतो. भात्याला रबर चढवलेलं पातळ सुती कापड लावा, रेक्झिन घडीवर मोडतंच. चिकटवायला सरस (कातड्यापासूनचा जुना डिंक) वापरायला सांगा. फेव्हिकॉल लावला तर पुढच्या माणसाला लाकूड खरवडून तो काढावा लागतो.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. शनिवारी सरावाला कीबोर्ड ४३५ वर लावून बघितला. मी पांढरी सहा धरली, मुलानं तीच दाबली, हेलकावे गेले. सोप्रानोच्या, म्हणजे बायकांच्या वरच्या आवाजाच्या, दोघीजणी म्हणाल्या, वरच्या जागाही सोप्या जातात. आज कमिटीला घासकाम नको म्हणून लेखी कळवलं. जुनं रेक्झिन उद्या सोडवतोय, आतलं लाकूड किती कुजलंय ते दिसलं की इथंच फोटो टाकते. तेवढं कापड कोल्हापुरात किंवा मिरजेत कुठं मिळेल ते कुणाला माहीत असेल तर कळवा, नाताळच्या आधी भाता बसवायचाय.