ऑक्टाव्हिया १.८ टर्बो: सपाटीला ठीक, घाटात मिसिंग. टर्बो गेलाय का?

कराडकर_ऑक्टी
नमस्कार मंडळी. गाडी २००५ ची, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १५० एचपी. वडिलांनी हौसेने घेतलेली, आता माझ्याकडे आहे आणि विकायची अजिबात इच्छा नाही. गावात किंवा हायवेला ८० च्या स्पीडने काही तक्रार नाही. पण पुण्याहून येताना खंबाटकी चढायला लागलो, तिसऱ्या गिअरमध्ये अडीच हजारांच्या पुढे पाय दाबला, की मिसिंग होतं, म्हणजे झटके मारते, आणि चेक लाईट लुकलुकते. पाय सोडला की शांत. सकाळी थंड असताना आयडलला आरपीएम जरा वरखाली होतो, तेवढंच.

मोबाईलला जोडायच्या स्कॅनरवर पी०३०० (मिसिंग, सिलिंडर नक्की नाही) आणि पी०३०२ हे फॉल्टचे कोड आले. एका गॅरेजवाल्याने राउंड मारून सांगितलं, "टर्बो गेला, बदलावा लागेल." खर्च ऐकून गाडी परत आणली. प्लग कधी बदलले होते ते आठवत नाही.

डोंबिवली_फास्ट
दुसऱ्या पंपावरचं पेट्रोल भरून बघा आधी. आणि इंजेक्टर क्लीनरची एक बाटली टाका. टर्बोचं मलाही पटत नाही.

उद्यमनगरवाला (कोल्हापूर)
कराडकर, टर्बोला हातसुद्धा लावू नका. तुमच्या कोडमध्येच उत्तर आहे. पी०३०२ म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर. टर्बो चारही सिलिंडरला एकच हवा देतो. तो एकट्या दोन नंबरवर कसा रुसेल? टर्बो खराब झाला की गाडी खेचत नाही, शिट्टीचा आवाज बदलतो, सायलेन्सरमधून निळा धूर येतो. एका सिलिंडरचं मिसिंग हे त्याचं लक्षण नव्हे. क्लीनरच्या बाटलीचंही तेच, पेट्रोल चौघांना सारखंच जातं. दोन नंबरचा इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) तुंबलेला असू शकतो, पण तो नंतरचा संशय.

आता पाय दाबल्यावरच का होतं ते समजून घ्या. टर्बो हवा दाबून भरतो, त्यामुळे ठिणगी पडायच्या वेळी सिलिंडरमधला दाब वाढलेला असतो. दाब जितका जास्त, तितकं प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला व्होल्टेज जास्त लागतं. हे व्होल्टेज देणाऱ्या कॉइलला, ती म्हातारी असली तर, आयडलला, सपाटीला जमून जातं, घाटात तिचा दम संपतो. त्यात प्लग झिजून फट रुंदावली असेल तर विचारूच नका. म्हणून जागेवर उभ्या गाडीला रेस देऊन हा फॉल्ट सापडत नाही. गॅरेजमध्ये गाडी शहाण्यासारखी वागते आणि गिऱ्हाईक घाटात अडकतं.

या इंजिनला प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे, हे आपलं नशीब. इंजिन पूर्ण थंड करा. दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावा, कोड पुसा आणि लहानशा चढावर न्या. कोड पी०३०३ झाला तर कॉइल दोषी. पी०३०२ च राहिला तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन (सिलिंडर दाब धरतो का ते). या तपासणीला एक रुपया लागत नाही. मला राग येतो तो याचाच, की हे न करता लोकांच्या गळ्यात टर्बो मारले जातात.

प्लग काढाल तेव्हा फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर हवी. पांढऱ्या चिनी मातीवर उभी, पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर ठिणगी आत न उडता बाहेरूनच हेडला (प्लग बसतो तो इंजिनचा वरचा भाग) जात होती असं समजा. तीच रेघ कॉइलच्या रबरी बूटच्या आत राखाडी दिसते. अशा वेळी दोन्ही बदला, नाहीतर जुना बूट नव्या प्लगला पुन्हा तीच वाट दाखवतो. बसवताना टॉर्क रेंच वापरा, ३० न्यूटन मीटर. हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर खर्च टर्बोच्या दिशेने जाईल.

एक कळकळीचं सांगतो: लाईट लुकलुकत असताना पाय दाबून ठेवू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा डबा) जाऊन पेटतं आणि तो आतून वितळतो.

आयडलचं वरखाली मात्र मला वेगळं प्रकरण वाटतं. इंजिन गरम करून स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल किती टक्के कमीजास्त करतोय ते) बघा, आयडलला किती आणि अडीच हजारांवर किती.

कराडकर_ऑक्टी
काका, कॉइलची अदलाबदल करून बघितली, कोड पी०३०३ झाला! प्लगची फट १.१ निघाली आणि दोन नंबरवर ती काळी रेघ अगदी तुम्ही म्हणालात तशीच. नवी कॉइल आणि चार प्लग टाकले. काल खंबाटकीत एकही झटका नाही. वडील शेजारी बसले होते, फार खूश झाले.

आयडल अजून तसंच आहे. ट्रिम आयडलला +१६, अडीच हजारांवर +७. बाकीच्या तीन कॉइलही आत्ताच बदलू का?

उद्यमनगरवाला (कोल्हापूर)
वा! वडिलांना नमस्कार सांगा. तिन्ही चालत असतील तर राहू द्या, एक जादा कॉइल डिकीत ठेवा.

आता ट्रिम. +१६ म्हणजे ईसीयू हिशेबापेक्षा इतके टक्के पेट्रोल जास्त देतोय, कारण कुठून तरी न मोजलेली हवा आत येतेय. आयडलला जास्त आणि रेस दिल्यावर कमी, हे एअरफ्लो सेन्सरच्या (आत येणारी हवा मोजणारा) पुढे, इंजिनच्या बाजूला असलेल्या लीकचं लक्षण. आयडलला इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरना हवा वाटणारा पाईप) व्हॅक्यूम असतो, छोटं भोकसुद्धा हवा ओढतं. तेच भोक बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो हवा दाबत असताना, उलटं चालतं, मोजलेली हवा बाहेर फेकतं, म्हणजे मिश्रण घट्ट होऊन गाडी काळा धूर टाकते. सेन्सर खराब असता तर लोड वाढेल तसा ट्रिम वाढला असता.

उरलेल्या +७ चं फार मनावर घेऊ नका. हे इंजिन बिनइथेनॉलच्या पेट्रोलवर बेतलेलं, आणि आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. त्यामुळे सहा-सात टक्के जुन्या गाडीत लीक नसतानाही दिसतात.

लीक बहुतेक इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, क्रँककेसच्या (इंजिनचा खालचा तेलाचा भाग) ब्रीदरच्या होजमध्ये, म्हणजे तिथली वाफ परत इनटेकला नेणाऱ्या रबरी नळीत, सापडेल. वरून दिसत नाही, हात घालून दाबून बघावं लागतं. तेलाची वाफ आणि उष्णता खाऊन तो रबर सादळलेल्या चकलीसारखा होतो, बोटाने दाबला की दबलेलाच राहतो. चीर खालच्या बाजूला असते, आरसा धरा.

नाहीच सापडली तर टर्बोच्या इनलेट पाईपला, सेन्सरच्या पुढे, बूच लावून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा भरा आणि साबणाचं पाणी शिंपडा. ७ पीएसआयच्या वर जाऊ नका, ती हवा क्रँककेसमध्येही जाते आणि तेलाचे सील सुटतात. हातासरशी डायव्हर्टर व्हॉल्व्ह (पाय सोडल्यावर टर्बोची दाबलेली हवा परत फिरवणारा) काढा, त्याच्या बारीक नळीतून तोंडाने ओढा आणि जिभेने बंद करा. ओढ टिकली नाही तर आतला पडदा फाटलाय.

होज बदलल्यावर दोनशे-अडीचशे किलोमीटर चालवून आयडलचा ट्रिम इथे टाका. १० च्या खाली नाही आला तर ब्रेक बूस्टरच्या पाईपवरचा वन-वे व्हॉल्व्ह तपासू.