कर्णबधिर लेकरू गावच्या शाळेत ठेवावं की निवासी शाळेत?

धारूरचा बाप
माझी लेक नऊ वर्षांची, जन्मापासून कर्णबधिर. तीन वर्षं गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेली. गुरुजी जीव लावायचे, पुढं बसवायचे. पण फळ्याकडं तोंड करून बोलले की हिचं शिकणं तिथंच थांबायचं. डबा खाताना पोरींच्या गप्पा रंगायच्या, ही झाकण उघड-बंद करत बसायची.

जूनमध्ये निवासी शाळेत घातली. दिवाळीला आणायला गेलो तर पोरींच्या घोळक्यात नुसते हात फिरत होते आणि मधोमध माझी लेक! तिथं तिला खुणेचं नाव मिळालंय. गालावर बोट टेकवून फिरवायचं, हसली की खळी पडते म्हणून. आम्ही ठेवलेलं नाव तिनं कधी ऐकलंच नाही. माझं मत स्पष्ट आहे, आपलेपणासाठी आधी आपल्यासारखी पोरं लागतात.

लातूरची आई
दादा, आनंद कळतो, पण पटत नाही. माझ्या मुलाचं कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू यावं म्हणून कानात यंत्र बसवायचं ऑपरेशन, अडीच वर्षांचा असताना झालं, पुढं तीन वर्षं वाचा उपचार, म्हणजे बोलण्याचा सराव. आज पाचवीत, साध्या शाळेत आहे. बोलतो, भांडतो, गल्लीत क्रिकेट खेळतो. एवढंसं लेकरू लांब ठेवलं तर आजी, भावंडं परकी नाही का होणार? २०१६ चा दिव्यांग हक्क कायदाही समावेशित शिक्षणच, म्हणजे सगळ्या मुलांसोबत एकाच शाळेत शिकवणं, सांगतो.

परभणीचा विशेष शिक्षक
ताई, कर्णबधिर मुलांना त्यांना योग्य अशा भाषेत शिकवावं, सांकेतिक भाषा येणारे शिक्षक नेमावेत, हेही त्याच कायद्यात आहे. तुमच्या मुलाला इम्प्लांट लवकर मिळालं, रोज सराव घेणारी आई मिळाली. ज्यांचे आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, त्या लेकरांचा सराव फडावर कोण घेणार?

१८८० मध्ये इटलीतल्या मिलानला कर्णबधिरांच्या शिक्षणावर परिषद झाली, तिथं बहुतांश ऐकू येणाऱ्यांनीच ठरवलं की खुणा नकोत, फक्त बोलणं शिकवा. त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त व्हायला २०१० ची कॅनडातल्या व्हँकुव्हरची परिषद उजाडावी लागली. मीही नोकरीच्या सुरुवातीला पोरांना हात मागं बांधून उभं केलंय. त्याची लाज वाटते.

लातूरची आई
खुणांना माझा विरोध नाही. लेकरू घरापासून तोडायला आहे.

नांदेड, कर्णबधिर
मी निवासी शाळेत दहावीपर्यंत शिकलो. खुणा मोठ्या मुलांकडून शिकलो, शिक्षकांना जेमतेम यायच्या. एकही शिक्षक कर्णबधिर नव्हता. त्यामुळं मोठेपणी माझ्यासारखा माणूस काय करतो, हे मला दिसलंच नाही.

शाळेत सगळे आपले वाटायचे, सुट्टीत घरी आलो की मी पाहुणा. आईला जेव, झोप, चल एवढ्याच खुणा येतात. आजोबा वारले तेव्हा दारात गर्दी कशाची, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. म्हणून बाप आणि ताई, दोघांनाही सांगतो: शाळा कुठलीही निवडा, पण घरानं भाषा शिकली पाहिजे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संस्थेच्या शब्दकोशाचे व्हिडिओ मोबाइलवर फुकट दिसतात. रोज पाच खुणा शिका.

धारूरचा बाप
भाऊ, तुमचं बरोबर आहे. काल व्हिडिओ कॉलवर तिनं एकच खूण तीनदा केली. मला कळेना. आजी विचारत होती, "काय म्हणती?" शेवटी लेकीनं फोन वसतिगृहाच्या मावशीच्या हातात दिला अन् खेळायला गेली. पाच बोटं जुळवून छातीजवळ आणायची, मग हात पुढं न्यायचा, अशी खूण होती. कुणाला ओळखता येते का?